१९७१ च्या मालिबूत २००२ चं ५.३ इंजिन : कामाच्या नोंदी

गाडी : १९७१ शेव्हरले शेव्हेल मालिबू, दोन दारांची. मूळ इंजिन ३०७ घनइंची व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर आणि दोनच गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.
येणारं इंजिन : २००२ च्या सिल्व्हराडो पिकअपमधलं ५.३ लिटर एलएम७, सोबत त्याचाच चार गिअरचा ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.
जागा : डेट्रॉईटच्या उत्तरेला, घरचं गॅरेज. एक गाडी आणि एक टेबल मावतं.

कामाला हात घालण्याआधी एक नियम ठरवला. चॅसिसला किंवा बॉडीला कटर लावायचा नाही. जे बसेल ते बोल्टनं बसेल आणि उद्या कुणाला ३०७ परत बसवायचं असेल तर बसवता आलं पाहिजे. ही गाडी मूळची एसएस (सुपर स्पोर्ट, शेव्हेलचा ताकदवान प्रकार) असती, इंजिनाचे आकडे गाडीच्या आकड्यांशी जुळणारे, म्हणजे इंजिन कारखान्यातलंच असतं, तर मी तिला हातच लावला नसता. तशा गाड्या आता मोजक्या उरल्यात, त्या आहेत तशा जपाव्यात. साधी मालिबू मात्र रोज चालवायची गाडी म्हणून घडवली गेली होती, आणि ती रोज चालावी हीच माझी इच्छा आहे.

१४ ऑक्टोबर २०२३

इंजिन मिळालं. भंगार यार्डातून, मागून ठोकलेल्या पिकअपमधलं. इंजिन, गिअरबॉक्स, कॉम्प्युटर आणि न कापलेलं वायरिंग मिळून ११५० डॉलर. यार्डवाला वायरिंग कापून इंजिन लवकर उतरवायच्या बेतात होता. त्याला थांबवून प्रत्येक कनेक्टर स्वतः सोडवला. कापलेलं वायरिंग स्वस्तात मिळतं, पण पुढे त्याची दामदुप्पट भरपाई करावी लागते.

घेताना काय बघितलं ते लिहितो. पिकअपच्या व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) आठवं अक्षर टी असेल तर इंजिन एलएम७. ऑईल भरायचं झाकण काढून आत टॉर्च मारली, काळा गाळ नव्हता. प्लग काढून क्रँक पान्यानं हातानं फिरवला, कुठे अडकला नाही. २००२ चंच का, तर त्याचा थ्रॉटल केबलवर चालतो. २००३ पासून या पिकअपना इलेक्ट्रॉनिक पेडल आलं. ते घेतलं की पेडल, त्याचं वेगळं मॉड्यूल आणि जुन्या गाडीत ते पेडल बसवायची कसरत, सगळंच आलं. शिवाय या वर्षीचा कॉम्प्युटर, ज्याला इथले लोक शेवटच्या चार आकड्यांवरून '०४११' म्हणतात, तो पुन्हा प्रोग्राम करून देणारे पुष्कळ आहेत.

२४ ऑक्टोबर

दसरा. काल खंडेनवमीला पाने, जॅक आणि चेनकप्पी यांची पूजा झाली. आज बोनेट उतरवलं, रेडिएटर काढला. बाकी काही नाही.

४ नोव्हेंबर

३०७ बाहेर. पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त टूल-अँड-डाय कारागीर मदतीला आले. आयुष्य याच शहरातल्या प्रेस-शॉपमध्ये गेलेला माणूस. त्यांनी सांगितलं की वायर सुटली की लगेच चिठ्ठी लावायची, संध्याकाळी लावतो म्हणायचं नाही. तसंच केलं. प्रत्येक वायरला चिठ्ठी, प्रत्येक नट-बोल्टला पिशवी.

जुन्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडून प्लग परत लावले, सगळी भोकं बंद केली आणि लाकडी पेटीत ठेवून दिलं. पॉवरग्लाइड आणि जुना प्रॉपेलर शाफ्टही शेजारीच.

२५ नोव्हेंबर

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या) बोल्टांमध्ये काय करतं ते आज दिसलं. दोन्ही हेडच्या अगदी मागच्या टोकाचे बोल्ट आधीच तुटलेले होते, एक मी सोडवताना तुटला. हेड ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट लोखंडाचा, त्यामुळे गंज धरला की आटे सुटतच नाहीत.

ड्रिल मारायचा मोह टाळा. ड्रिल तिरकं गेलं की ते मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं आणि हेड वाया जातं. तुटलेल्या बुंध्यावर आठ मिलिमीटरचा नट ठेवून त्याच्या आतून वेल्डिंग भरलं. लालभडक झालेलं थोडं निवू दिलं आणि पान्यानं आधी आवळायच्या दिशेला किंचित, मग सोडायच्या दिशेला, असं पुढे-मागे करत काढलं. दोन सहज आले. तिसऱ्याचा नट वेल्डिंगसकट पुन्हा पुन्हा निघून येत होता. वेल्डरचा करंट वाढवल्यावर धरला.

हे काम इंजिन गाडीत चढवण्याआधीच करायचं. गाडीत बसल्यावर मागच्या बोल्टापर्यंत हातही पोचत नाही.

१६ डिसेंबर

पिकअपचा ऑईल चेंबर खोल असतो. शेव्हेलमध्ये तो क्रॉसमेंबरच्या (चॅसिसच्या आडव्या दांड्याच्या) खाली लोंबतो, पहिल्याच स्पीडब्रेकरला फुटणार. जुन्या गाड्यांसाठी बनवलेला उथळ चेंबर पिकअप ट्यूब (चेंबरमधलं ऑईल पंपाकडे ओढणारी नळी) आणि डिपस्टिकसकट ३४५ डॉलरला घेतला. त्यासोबत मागचं सील, पुढचं सील, व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट असं सगळं बदलून घेतलं. इंजिन स्टँडवर असताना ही कामं एका संध्याकाळची आहेत.

२० जानेवारी २०२४

बाहेर उणे दहा. गॅरेजमध्ये हीटर लावूनही लोखंडाला हात लावता येत नाही.

रिकामा ब्लॉक, हेड आणि चेंबर एवढंच जोडून गाडीत उतरवून बघितलं. जुन्या इंजिनाच्या फाउंडेशनला (इंजिन ज्यावर टेकतं त्या आधाराला) ब्लॉकवर तीन बोल्ट होते, याला चार आहेत, त्यामुळे मधे जोडपट्ट्या लागतात. या पट्ट्या इंजिन किती पुढे किंवा मागे बसेल हे ठरवतात. फार मागे घेतलं तर उजवं हेड हीटरच्या पेटीला भिडतं. फार पुढे घेतलं तर चेंबर क्रॉसमेंबरवर टेकतो आणि पुढे पंख्याला जागा उरत नाही. मधल्या भोकांवर जमलं.

जमलं असं वाटल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. चाकं सरळ असताना चेंबर आणि स्टिअरिंगच्या मधल्या दांड्यात बोटभर अंतर होतं. पूर्ण डावीकडे वळवल्यावर दांडा चेंबरला घासला. फाउंडेशनखाली पातळ पट्टी घालून इंजिन थोडं उचललं, तेव्हा सुटला. रस्त्यावर पूर्ण वळण घेताना स्टिअरिंग अडकलं असतं, तर ते जिवावर बेतलं असतं.

एसीचा कॉम्प्रेसर पिकअपमध्ये उजवीकडे खाली असतो. इथे तो चॅसिसच्या रेलवर येतो. पुष्कळजण रेलला खाच पाडतात आणि वेल्डिंगनं पुन्हा बंद करतात. मी पाडणार नाही. एसी या वर्षी नाही. कॉम्प्रेसर वर बसवायचा ब्रॅकेट मिळतो, त्याचे पैसे जमले की बघू.

पिकअपचे मॅनिफोल्डही गेले. डावा स्टिअरिंग बॉक्सवर आपटत होता. बिडाचे आखूड मॅनिफोल्ड ३८० डॉलर.

१७ फेब्रुवारी

पेट्रोल. जुना यांत्रिक पंप साधारण ५-६ पीएसआय दाबानं कार्ब्युरेटरला पेट्रोल द्यायचा. या इंजिनाला ५८ पीएसआय, म्हणजे चार बार लागतात. जुनी नळी, जुने रबरी होज, क्लिप यातलं काहीच चालत नाही. या दाबाला रबर फाटलं तर गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलचा फवारा उडेल. इंजेक्शनच्या दाबाचे होज वेगळे येतात, ते आणि त्यांच्या गोल क्लिपाच वापरा.

आत पंप बसवलेली नवीन टाकीच घेतली. जुन्या टाकीत पंप टाकून भागवता येतं, पण त्या टाकीत आडव्या भिंती नाहीत. पेट्रोल कमी असताना लांब वळणावर सगळं एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असायचं म्हणून जुन्या इंजिनाला ते चालून जायचं. इंजेक्शनला तेवढीही सवड नसते.

२००२ च्या इंजिनाच्या पेट्रोल रेलवरच दाबाचा रेग्युलेटर असतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत जातं, त्यामुळे जायची आणि यायची अशा दोन नळ्या टाकल्या. तांबं-निकेलची नळी हातानंही वळते आणि मिठाला दाद देत नाही. टाकी, नळ्या, होज मिळून ६९० डॉलर गेले. माझ्या अंदाजात या कामाला ३०० होते.

९ मार्च

वायरिंग. जेवणाच्या टेबलावर सगळं पसरून बसलो. पिकअपच्या हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) ट्रेलर, फोर-व्हील ड्राइव्ह आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरची वायर काढून टाकली. वायर मधेच कापू नका. कनेक्टरमधून पिनसकट काढा, म्हणजे चुकीची निघाली तर परत घालता येते.

इतकं सगळं काढून टाकल्यावर गाडीशी जोडायचं फार थोडं उरतं. कायमचे १२ व्होल्ट, चावीवरचे १२ व्होल्ट, अर्थिंग, पेट्रोल पंपाच्या रिलेचा (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) इशारा, दोन पंख्यांच्या रिलेचे इशारे, इंजिनाचा दिवा आणि तपासणीचा ओबीडी पोर्ट. पोर्ट डॅशबोर्डखाली लपवला, पण बसवलाच पाहिजे. पुढचं निम्मं निदान त्याच्यावर झालं.

कॉम्प्युटर प्रोग्राम करायला पाठवला, १२५ डॉलर. त्यातून चोरीविरोधी यंत्रणा बंद केली. ती चालू राहिली तर इंजिन क्षणभर पेटून विझतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मागचे ऑक्सिजन सेन्सर बंद, डिफरन्शियलचं प्रमाण ३.०८ आणि टायरचा घेर असं सगळं आत भरून आलं.

१३ एप्रिल

परवाच्या पाडव्याला इंजिन सुरू करायचं ठरलं होतं. झालं नाही, आणि बरंच झालं.

प्लग काढून, पेट्रोलचा फ्यूज काढून नुसता सेल्फ मारला. ऑईलचा दाब शून्य. थांबून पुन्हा मारला. शून्यच. गेज खोटं असेल म्हणून दुसरं यांत्रिक गेज लावलं, तेही हललं नाही.

या इंजिनांत पिकअप ट्यूब ऑईल पंपात एका ओ-रिंगनं बसते आणि तिला एकच बोल्ट असतो. बोल्ट आवळताना ट्यूब एका बाजूला कलते आणि रिंग चिमटते. मग पंप ऑईलऐवजी हवा ओढतो. चेंबर खाली घेतला, तर किटसोबत आलेली रिंग खरंच एका बाजूला चिरलेली. जाडीही जुन्या रिंगपेक्षा कमी होती. योग्य जाडीची रिंग काही डॉलरची. या वेळी रिंगला ऑईल लावलं, ट्यूब हातानं पूर्ण आत दाबून धरली आणि मगच बोल्ट लावला. प्लग न लावता सेल्फ मारल्यावर काटा ४० पीएसआयवर गेला.

प्लग लावून थेट पेटवलं असतं तर बेअरिंगं गेली असती. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लगशिवाय सेल्फ मारून दाब बघणं हा वेळ कधीच वाया जात नाही.

२० एप्रिल

सेल्फ मारला की इंजिन पेटतं. चावी सोडली की विझतं. दरवेळी.

चोरीविरोधी यंत्रणा बंद आहे हे प्रोग्राम करणाऱ्याकडून पुन्हा खात्री करून घेतलं. पेट्रोलचा दाब ५८. क्रँक सेन्सर ठीक. चावीवरची वायर मीटरनं मोजली, १२.४ व्होल्ट. सगळंच बरोबर, आणि इंजिन बंद.

रात्री कोल्हापूरला मामांना फोन लावला. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं रिबोरिंगचं वर्कशॉप होतं, आता ते चुलतभाऊ बघतो. मामांनी हे इंजिन कधी बघितलेलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीटर लावलास तेव्हा त्या वायरवर काही चालू होतं का? नव्हतं ना? मग तो व्होल्ट धरून चालू नको. हेडलाइटचा बल्ब लाव, पेटू दे, आणि मग मोज."

बल्ब लावला. मिणमिणता पेटला. मीटर आठच्या खाली.

कारण असं. चावीवरच्या १२ व्होल्टसाठी मी जुन्या इग्निशन कॉइलची वायर घेतली होती. जुनी कॉइल याच वायरवर चालायची, म्हणून ती चावीवर चालते हे उघड होतं. पण पॉइंटवाल्या (कॉइलचा करंट यांत्रिक संपर्कानं जोडणाऱ्या-तोडणाऱ्या) त्या काळातल्या या गाड्यांत कॉइलला जाणारी वायर स्वतःच रोधक असते. इंजिन चालू असताना कॉइलला कमी व्होल्ट मिळावेत आणि पॉइंट जळू नयेत म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. दिसायला ती साधी कापडी वेष्टणाची वायर. सेल्फ मारताना मात्र स्टार्टरकडून दुसरी वायर कॉइलला थेट पूर्ण व्होल्ट देते. म्हणून सेल्फवर इंजिन पेटायचं आणि चावी सोडली की कॉम्प्युटर उपाशी पडायचा. आणि करंट वाहत नसेल तर रोधक वायरही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते.

वायर कापली नाही. तीच आता एका रिलेला फक्त इशारा देते. रिलेला इतका कमी करंट लागतो की रोधकाचा फरक पडत नाही. कॉम्प्युटर आणि इंजेक्टरला बॅटरीवरून जाड वायर, फ्यूजसकट, त्या रिलेतून. कॉइल परत लावायची वेळ आली तर जुनी वायर जागेवरच आहे.

चावी फिरवली. पेटलं आणि चालू राहिलं. मामांना लगेच व्हिडिओ पाठवला. तिकडे रविवारची सकाळ होती. त्यांनी आयडलिंगचा आवाज ऐकून विचारलं, "अर्थिंग किती ठिकाणी दिलंस?" एकाच ठिकाणी दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ब्लॉक ते चॅसिस, हेड ते फायरवॉल (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) आणि बॅटरी ते बॉडी अशा जाड पट्ट्या टाकल्या. गेजचे काटे अधूनमधून थरथरायचे, ते थांबले.

१८ मे

गॅरेजमध्ये तापमान ठीक, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या की २२५ फॅरनहाइट, म्हणजे १०७ सेल्सियस. रेडिएटर नवीन, दोन्ही पंखे चालू.

हवा अडकली होती. या इंजिनाच्या हेडमधून वाफेसाठी एक बारीक नळी निघते. ती रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडावीच लागते. मी ती जोडली होती, पण खाली झुकून पुन्हा वर चढणारी, त्यामुळे हवा मधेच राहायची. नळी सरळ चढती केली. दुसरं, हीटरचे होज तात्पुरते बुचानं बंद होते. या इंजिनात थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला असतो आणि हीटरच्या वाटेनं फिरणाऱ्या पाण्यावर त्याला तापमान कळतं. ती वाट बंद केली की तो उशिरा उघडतो. हीटर जोडला, गाडीचं नाक जॅकवर उचलून पाणी भरलं, आणि काटा २०० च्या आसपास थांबला.

या महिन्यातच पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले, ७२० डॉलर. १९७१ च्या साध्या मालिबूला पुढेही ड्रमच असायचे. इंजिन आधी आणि ब्रेक सवडीनं, हा क्रम मला मान्य नाही. ब्रेक बसेपर्यंत गल्लीच्या बाहेर गेलो नाही.

१५ जून

ताशी ५५ मैलांच्या पुढे मजल्यातून थरथर. ४एल६०ई पॉवरग्लाइडपेक्षा साधारण तीन इंच लांब, म्हणून दुसरा प्रॉपेलर शाफ्ट आणून आखूड करून घेतला होता. संशय बॅलन्सवर गेला. पैसे देऊन पुन्हा बॅलन्स करून आणला, फरक शून्य. शेजारच्या काकांनी कोनमापक आणला. गिअरबॉक्सचा उतार आणि डिफरन्शियलच्या नाकाचा कोन जुळत नव्हता, दोन्ही टोकांचे जॉइंट वेगवेगळ्या कोनात फिरत होते. गिअरबॉक्सच्या फाउंडेशनखाली पट्टी घालून शेपूट उचललं. थरथर गेली. आधी कोन मोजा, मग बॅलन्सला पैसे द्या.

हायवेवर ताशी ७० मैलांना इंजिन आता मिनिटाला १९५० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. पॉवरग्लाइडमध्ये याच वेगाला २८०० च्या जवळ असायचं आणि शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागायचं.

१३ जुलै

हिशेब. एकूण ६२५० डॉलर, माझे श्रम सोडून. अंदाज ४००० चा होता. इंजिन-गिअरबॉक्स या खर्चाचा पाचवा हिस्साही नाही. सायलेन्सर आणि पाइप दुकानातून करून घेतले त्याचे ५२०, रेडिएटर आणि पंखे ६१०, आणि बाकीचं पाझरत गेलं. स्पीडोमीटर केबलवर चालतो आणि नवीन गिअरबॉक्स नुसता विजेचा इशारा देतो, म्हणून त्या इशाऱ्यावर केबल फिरवणारी पेटी. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या खुणा नवीन गिअरशी जुळत नाहीत, म्हणून दांड्याचा वेगळा तुकडा. अशा गोष्टी यादीत कधीच नसतात.

पुण्याहून दोघांनी विचारलं की जुन्या गाडीत असंच करता येईल का. मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी नसते, म्हणून इथे हे जमलं. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. नोंदणीत लिहिलेलं इंजिन परवानगीशिवाय बदलता येत नाही. आधी आरटीओत जाऊन विचारा, काय मान्य आहे ते लेखी घ्या आणि मगच पाना हातात घ्या. नाहीतर विमाही जाईल आणि गाडीही अडकेल.

१७ ऑगस्ट

वुडवर्ड ॲव्हेन्यू. डेट्रॉईटहून पाँटियाककडे जाणाऱ्या या रस्त्यावर १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. गाड्या पावलापावलानं सरकतात आणि ऊन डोक्यावर असतं. थंडाव्याच्या कामाची याहून कडक परीक्षा नाही. माझा काटा २०५ च्या वर गेला नाही. बाजूला बोनेट उघडून थांबलेल्या गाड्या होत्या, त्यांतल्या एकाला वाफेच्या नळीबद्दल सांगितलं. त्याची नळी मुळात जोडलेलीच नव्हती.

एका वयस्क गृहस्थांनी बोनेटखाली बघून स्पष्ट नापसंती दाखवली. जुनं इंजिन कुठे आहे विचारलं. पेटीत, ऑईल घालून, शाफ्ट आणि गिअरबॉक्ससकट, असं सांगितल्यावर मात्र ते बराच वेळ थांबले आणि जोडपट्ट्या कुठल्या भोकांवर लावल्या ते विचारून गेले.

७ सप्टेंबर

उरलेली कामं : मागच्या बाजूला ऑईलचा थेंब येतो, तो मागच्या कव्हरचा की ऑईल प्रेशर सेन्सरचा हे अजून कळलं नाही. आधी सेन्सर बदलून बघणार, कारण तो वरून निघतो. मूळ चार्जिंगची वायर बारीक आहे आणि दोन्ही पंखे एकदम लागले की दिवे मंद होतात, त्यामुळे अल्टरनेटर ते बॅटरी जाड वायर आणि मोठा फ्यूज या आठवड्यात. एसीचा वरचा ब्रॅकेट पुढच्या उन्हाळ्यात. कुणाला याच वर्षाच्या शेव्हेलमध्ये हे काम करायचं असेल तर जोडपट्ट्यांची मापं आणि रिलेच्या जोडणीचं चित्र माझ्याकडे आहे, मागून घ्या.